पूजेत चढवलेलं धनुष्य

अण्णा,

आज सकाळी नवं धनुष्य पहिल्यांदा कानापर्यंत ओढलं. ओढायच्या आधी ते भिंतीला टेकवून मी उगाच देवघरापर्यंत एक फेरी मारून आले. तुम्ही गेलात तेव्हा तुमचं जे वय होतं त्याहून मी आता मोठी आहे. या वयात बायका जिन्याला घाबरतात, मी बांबूच्या काठीला घाबरते. सांगायचं कुणाला? इथं सांगलीत आमच्या गल्लीत मला धनुष्यवाली आजी म्हणतात. ती आजी घाबरते म्हटलं तर पोरं खो खो हसतील. म्हणून तुम्हाला लिहायला बसले.

तुम्ही पेन्शनवर घरी आलात तो दिवस मला नीट आठवतो. दुष्काळ नुकताच सरला होता, गावात अजून दुष्काळी कामाच्या खडीचे ढीग तसेच पडलेले. दुसऱ्यांचे बाप पलटणीतून रेडिओ आणायचे, ब्लँकेटं आणायचे. तुमच्या काळ्या ट्रंकेसोबत एस.टी.च्या टपावरून उतरलं ते पुरुषभर उंचीचं धनुष्य, पूर्वेकडच्या डोंगरात पोस्टिंगला असताना तिथल्या एका म्हाताऱ्यानं दिलेलं. आई दारात भाकरतुकडा घेऊन उभी, आणि तुम्ही तो ओवाळून घेण्याआधी धनुष्य कुठं ठेवायचं ते बघत होतात. पुढं नादच लागला तुम्हाला. मामाच्या गावाहून, पाटणच्या डोंगरातून, कळकाचा बांबू मागवायचात. चुलीवरच्या माळ्यावर तो महिनोन्‌महिने धुरात वाळायचा. मग उभा फाडून, कोयत्यानं आणि काचेच्या तुकड्यानं तासत बसायचात. पारावरची माणसं म्हणायची, "सरकारनं हवालदाराला बंदूक दिली, आन ह्यो घरी येऊन काठ्या तासतोय." तुम्ही हसायचात. लोकांचं हसणं तुम्हाला लागत नव्हतं, हे मला त्या वयात फार मोठं वाटायचं.

तासायची जागा आईचं स्वयंपाकघर. खुंटीला धनुष्य आडवं अडकवायचं, घायपाताच्या दोरीला पाण्याची बादली टांगायची आणि दोन्ही बाजू सारख्या वाकतात का ते बघायचं. बादलीत तांब्यातांब्यानं पाणी ओतायचं काम माझं. एकदा असंच पाणी ओतताना कड्‌कन आवाज झाला. बादली आदळली, चूल विझली, आणि कळकाची एक सळई माझ्या कानाजवळून जाऊन मातीच्या भिंतीत रुतली. आई भाकरी थापत होती. तिनं पिठाच्या हातांनी माझं तोंड दोन्हीकडून चाचपलं. "आवं, ही पोरीच्या डोळ्यात गेली असती तर? कोण पदरात घेणार हाय तिला?" तुम्ही भिंतीतली सळई उपसून उजेडात धरलीत आणि म्हणालात, "गाठीपाशी जास्त तासलं गेलं." आई आठवडाभर तुमच्याशी बोलली नाही. मी बोलत होते, पण तेव्हापासून बादलीत पाणी ओतताना तोंड फिरवून ओतायचे.

आणि तरी मला ते आवडायचं, अण्णा. हे लिहिलं नाही तर पत्र खोटं होईल. गावाबाहेरच्या माळावर आपण जायचो. तिथं वारा सोडला तर कुणी नसायचं, फार तर लांबवर मेंढरं. तुम्ही पाठीमागं उभे, पुढं कडब्याची पेंढी. दोरी गालाला लागते, खांदे मागं एकमेकांकडं सरकतात, आणि बाण सुटला की छातीतलं काहीतरी त्याच्याबरोबर निघून जातं. तेवढा एक क्षण भीती नसायची. त्याच्या आधी असायची आणि नंतरही. तुमचा एकच कायदा होता. काम संपलं की दोरी उतरवायची. "रात्रभर चढवून ठिवलं तर कळक दमतंय. दमलेलं कळक सांगत न्हाई, एकदम मोडतंय." चहा प्यायला बसलो तरी आधी दोरी उतरवायचात. गावात हे ठाऊक असलेली माणसं दोनच, तुम्ही आणि मी.

मी सतरा-अठराची असेन. गावकी आपल्या दारात आली. दसऱ्याला पालखी शिवेवर जाते, तिथं सोनं लुटायच्या आधी हवालदारानं शिवेपार एक बाण मारावा, असं ठरलं होतं. त्यासाठी धनुष्य खंडेनवमीला देवळात पूजेला द्यायचं. ज्यांनी काठ्या तासतोय म्हणून चेष्टा केली होती तेच हात जोडून बसलेले. तुम्ही गुळाचा चहा पाजलात आणि म्हणालात, "माझं काय, म्हातारं माणूस. बाण माझी पोरगी मारंल." आई चुलीपुढं जागच्या जागी थिजली. कुणीतरी म्हणालं, "पोरीच्या जातीला हे..." तुम्ही म्हणालात, "जातीला न्हाई, माझ्या पोरीला सांगतोय." तुमचा एवढा अभिमान मला कधी वाटला नव्हता आणि एवढी धास्तीही.

खंडेनवमीच्या सकाळी आपण धनुष्य देवळात दिलं, दोरी उतरवून, सोबत गुंडाळून. दिवे लागायच्या वेळी दर्शनाला गेलो. देवापुढं तलवारी, नांगराचे फाळ, सुताराचा वाकस, आणि मधोमध आपलं धनुष्य, चांगलं ताणून चढवलेलं, झेंडूच्या माळेत, समईला जवळजवळ चिकटून. गुरव कौतुकानं म्हणाला, "आवं हवालदार, तुमी दिलं ती निस्ती काठी दिसत हुती. काठीची पूजा करायची व्हय? तालमीतली दोन पोरं बोलावली आन चढवून घेतलं बघा." त्या भल्या माणसाला त्यात काय चुकलं ते कळायचं कारणच नव्हतं. देवापुढं धनुष्य ठेवायचं तर ते धनुष्य दिसायला नको? तुमचा हात पुढं गेला आणि अर्ध्यात थांबला. पूजेत बसलेलं हत्यार उत्तरपूजेपर्यंत हलवायचं नसतं. कर्नलपुढं न दबलेला माणूस त्या समईपुढं हात मागं घेऊन उभा राहिला. येताना वाटेत एवढंच म्हणालात, "चांगलं कळक हाय. टिकंल." मी तुमच्या चपलांकडं बघत चालत होते. तुमची चाल नेहमीसारखी नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ते तसंच होतं. उत्तरपूजा झाली, पालखी उठली, आणि हलगीच्या दणक्यात कुणीतरी धनुष्य तुमच्या हातात दिलं. चढवलेलंच. तुम्ही चालता चालता ते डोळ्यांनी तपासलंत, पण त्यावर हळद, कुंकू आणि तेलाचा असा थर बसला होता की कळक दिसतच नव्हता. शिवेवर पालखी टेकली. माणसं दोन्ही बाजूंना पांगली. तुम्ही धनुष्य माझ्या हातात ठेवता. मी साडीच्या पदरानं ते पुसते, हात सटकू नये म्हणून. मुठीच्या वर वीतभर अंतरावर, आतल्या बाजूला, जिथं समईची धग लागत होती तिथं, माझं नख अडकतं. पुन्हा फिरवते. पुन्हा अडकतं. केसाएवढी आडवी वळी आहे, कळक मोडायच्या आधी पडते तशी. मी हळू आवाजात म्हणते, "अण्णा, वळी पडलीया." तुम्ही माझ्याकडं बघता, आणि तुमच्यापलीकडं अख्खं गाव माझ्याकडं बघतंय. तुम्ही विचारता, "भ्या वाटतंय का?"

मी म्हणाले, "व्हय."

पुढची माणसं हसली. हसू मागं पसरत गेलं, हलगीवाल्यानंही हात थांबवून काय झालं म्हणून विचारलं. तुम्ही काहीच बोलला नाहीत. माझ्या हातातून धनुष्य घेतलंत, मला खांद्याला धरून बाजूला सारलंत आणि बाण लावलात. मला वाटलं अर्धंच ओढाल. कुणीही शहाण्या माणसानं अर्धंच ओढलं असतं. तुम्ही गालापर्यंत ओढलंत. धनुष्याचा वरचा भाग मोडून आला तो थेट तुमच्या तोंडावर. स्वयंपाकघरात ऐकला होता तोच आवाज, फक्त या वेळी भिंत नव्हती.

मिरजेच्या दवाखान्यात आई आणि मी व्हरांड्यात बसून होतो. तुमचा उजवा डोळा काढावा लागला. मला आत जायची इतकी भीती वाटत होती की आई दोनदा जाऊन आली तरी मी बाकावरून उठले नाही. शेवटी तुम्हीच निरोप धाडलात. पट्टीनं अर्धं तोंड झाकलेलं, आणि तुम्ही विचारताय, "तुकडं आणलं का गं? कुठनं मोडलं?" मी बोटानं जागा दाखवली, वीतभर. तुम्ही मान हलवलीत. मग मला रडू फुटल्यावर म्हणालात, "गप. नेम धरायला एकच डोळा लागतोय. दुसरा मिटायचाच असतोय की." आई पदर तोंडात कोंबून बाहेर गेली. हसली की रडली ते मी तिला कधी विचारलं नाही.

तुम्हालाही एक विचारलं नाही. तेव्हा धनुष्य घेतलंत ते माझ्या बोलण्यावर विश्वास बसला म्हणून, की बसला नाही म्हणून? वळी आहे हे पटलं असेल तर ओढलंत कशाला? पालखी खोळंबली होती म्हणून? गाव हसलं म्हणून? कधी कधी मला तुमचा भयंकर राग येतो, अण्णा. खाली ठेवून द्यायचं होतंत. दसरा एका बाणावाचून अडला नसता.

वर्षभरानं तुम्ही नवा कळक तासलात आणि मला माळावर घेऊन गेलात. पूर्वी कधी विचारत नव्हतात, आता प्रत्येक बाणाआधी विचारायला लागलात, "भ्या वाटतंय का?" अगदी मायेनं. उत्तर काहीही असो, चालेल, अशा आवाजात. मी म्हणायचे, "न्हाई." दर वेळी. लग्न होऊन सांगलीला आले तरी माहेरी गेले की माळ ठरलेला, तो प्रश्न ठरलेला आणि माझं उत्तरही. पारावर तुम्ही सांगत फिरायचात, "पोरीचं भ्या पार मोडलं बघा." शेवटच्या दुखण्यातही डॉक्टरांना तेच सांगत होतात. त्यांना काही कळलं नाही, पण त्यांनी शाबासकी दिली.

मोडलं नव्हतं. एकदाही मोडलं नव्हतं. तुम्हाला कळू नये म्हणून मी दात आवळून धरायचे, घरी येईपर्यंत जबडा दुखायचा. पण एकदा "व्हय" म्हणाले तर काय झालं ते मी पाहिलं होतं. तुमच्याकडं एकच डोळा उरला होता.

हे पत्र पाठवायचं कुठं, हा प्रश्न तसा नाहीच. तुमचा पत्ता असता तरी मी ते टाकलं नसतं. तुम्ही वाचलं असतंत, असाल तिथून उठून आला असतात, आणि काही न बोलता माझ्या हातातून धनुष्य काढून घेतलं असतंत.