चुकीच्या बाजूचा वळसा

अकोला, ता. ४ जून १९३८

चि. विनायक अमरावतीहून सुटीस आला. तेथील कॉलेजात गणित शिकवितो, अद्याप हंगामी. कायम जागेची मुलाखत पुढील आठवड्यात, नागपुरास. छापून आलेला निबंध हाच त्याचा सारा आधार. असे असता आज जेवताना म्हणतो, "बाबा, निबंध चुकला आहे. मुलाखतीत मीच सांगणार आहे." ताट सारून उठलो.

५ जून

विषय असा की, संथ वाहणारे पाणी कोणत्या वेगाला खवळते. नेमके उत्तर निघत नाही म्हणे. पदामागून पद मांडीत उत्तराच्या जवळ जायचे, आणि दोन-तीन पदांतच थांबायचे. पुढची घेतली तर उत्तर बिघडते! माझे शिक्षण चौथीपर्यंतचे. परंतु भागाकार अर्धा टाकणाऱ्यास आमचे मास्तर खाली बसू देत नसत.

बोलणे बंद होते, तरी चूक कोठे ते विचारणे प्राप्त होते.

"लाटेचा नि पाण्याचा वेग जिथे सारखा होतो, तिथे सूत्र तुटते. त्या बिंदूला वळसा घालावा लागतो. मी वरून घातला. खालून घालायला हवा होता."

"बाजूने काय बिघडते?"

"महादेवाच्या देवळात प्रदक्षिणा कशी घालता?"

अभिषेकाच्या पाण्याची पन्हळ ओलांडायची नाही. तेथून मागे फिरायचे. मीच त्याला बोट धरून शिकविले.

"मी ओलांडली, बाबा."

गाढवा, हा शब्द तोंडून गेला.

६ जून

निबंधात छापले आहे, प्रवाह सदा शांत राहतो. खरे म्हणे उलट. पाण्याच्या आतल्या घर्षणानेच तो खवळतो. सौ. स्वयंपाकघरातून म्हणाली, "यात नवीन काय हाय? घासाघाशीनंच खवळते सारं. तुमाले पाहून मले कवाचं मालूम हाय!" मायलेक हसले. मी नाही.

कचेरीसमोर आयुष्यभर लोकांचे अर्ज लिहिले. दाखल कागदातील चूक आपण होऊन दाखविणारा पक्षकार पाहिला नाही. विनायकास बजावले, "आधी कायम हो. मग काय ते सांग." तो कागद पुढे ओढून आकडे मांडू लागला. हे वागणे उद्धटपणाचे आहे.

८ जून

त्याच्या विभागाचे प्रमुख पातूरला लग्नास जाता जाता आले. विनायक बाजारात. म्हणाले, "काका, पोराला समजवा. समितीत हे गणित कळणारा एकही नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची."

माझेच म्हणणे. तरी त्या मनुष्याच्या तोंडून ऐकताच अंगाचा तिळपापड झाला. "माझ्या मुलास लबाडी शिकविण्यासाठी आपण माझ्याच ओसरीवर आलात?"

"मग राहू द्या त्याला हंगामी," म्हणून चहा न घेता गेले. जावोत.

सौ. : "कावून भांडले त्याच्यासंगं? परवा तर तुमीच पोराले हेच सांगून राहिले होते!"

"मी बाप आहे," म्हणालो. उत्तर अपुरे आहे, हे मला समजते. तिने समजावून देण्याची आवश्यकता नव्हती.

१० जून

वि. नागपुरास गेला. पाया पडला तेव्हा क्षणभर थांबला. सांग, असे म्हणालो नाही. सांगू नकोस, असेही नाही. "गळ्याची गुंडी लाव," एवढेच. गाडी सुटल्यावर स्वतःचाच फार राग आला. तो कोणत्या बाबतीत, हे ठरविता येईना.

१२ जून

परतला. निकाल मागाहून कळवितील.

निबंधाविषयी कोणी विचारलेच नाही. यानेच आपण होऊन चूक सांगितली. एक सभासद म्हणाले, "बरे, मग खवळण्याचा खरा वेग कोणता?" हा म्हणाला, "अजून काढायचा आहे." सारे हसले.

"कोण कोण हसले? नावे सांग."

"बाबा, मीसुद्धा हसलो."

म्हणालो, यात हसण्यासारखे काही नाही. हातपाय धू, जेव, आणि तो वेग काढायला बस.