समुद्रापलीकडचं भरीत

धुळे, डिसेंबर १९९३. रविवार, दिवेलागण.

आज मळ्यात भरिताचा बेत होता. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजत होती. नणंदेनं विचारलं, "वहिनी, ग्रीसमा काय खादं?"

"भरीत," मी म्हटलं.

सगळे हसले. "इतलं दूर जाईसन भरीतच खादं?"

तेच मनात घोळतंय. संगमरवरी खांब, निळंशार पाणी, ते सांगायला हवं होतं का? पण डोळे मिटले की मला दिसतो त्या म्हातारीचा काळा अंगठा.

लेक-जावयाबरोबर एका बेटावर गेलो होतो. द्राक्षाच्या मांडवाखाली लहानशी खानावळ, समोर समुद्र. मालकीण म्हातारीनं बशी पुढे ठेवली. अंगठा काळा, गरम वांगी सोलणाऱ्या बाईचा असतो तसा. भाकरीऐवजी पाव, मिरचीऐवजी लिंबू, वरून कच्चं तेल. पण धुराचा वास तोच! मी मोठ्यानं म्हणाले, "अगं बाई, भरीत!"

तिला वाटलं, मी आभार मानतेय. तीही मान लववून म्हणाली, "भरीत." मग आम्ही निघेपर्यंत ती प्रत्येक पाहुण्याला मान लववून तेच म्हणत राहिली. लेकीला हसू आवरेना. मी काही तिची चूक सुधारली नाही. कशाला?

आज नणंदेनं पहिलं भरीत माझ्याच पानात वाढलं. तिचाही अंगठा काळा. मी मान लववून म्हटलं, "भरीत."

"मंग? भरीतच शे ना," ती म्हणाली.

तिला कुठे ठाऊक, मी काय म्हणाले ते.