डावा बूट

प्रिय धाकट्या,

तू पाठवलेला सायकल शर्यतीचा व्हिडिओ मिळाला. आधी तुझ्याकडे बघायला हवं होतं, पण खरं सांगू, मी आधी तुझ्या बायकोकडेच बघितलं. रस्त्याच्या कडेला ती उभी, अंगात नुसत्या खिशांचं जाकीट, एका खिशात मिठाच्या गोळ्या, दुसऱ्यात ती चिकट जेलची पाकिटं, हातात बाटली. आणि उभी कुठे, तर माझ्या जागेवर! चढ संपताना तुझा वेग आपोआप कमी होतो, म्हणून बाटली द्यायला ते वळण मी शोधून काढलं होतं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. बोलून मोकळी होते, नाहीतर पोटात दुखत राहील.

ती दवाखान्यात आहारतज्ज्ञ आहे, शिकलेली आहे, सगळं मान्य. तासाला पाणी किती, मीठ किती, साखर किती, तिला तोंडपाठ. मागच्या खेपेला जेवताना तिने मला समजावून सांगितलं, की तहान लागायची वाट बघायची नसते आणि भुकेच्या आधीच खायचं असतं. मी आपली मान डोलावली. इतकी वर्षं मी "पी रे, पी" म्हणत घसा फोडत होते तो काय गंमत म्हणून? पण मी म्हटलं की ती ताईची कटकट, आणि तिने म्हटलं की शास्त्र. तू समोर बसून "हो, हो" करत होतास. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

माझे उकडलेले बटाटे आठवतात का? निम्मी वाट सरली की तुला गोड नकोसं होतं, म्हणून मीठ लावून द्यायचे. त्यासाठी आमच्या शिवणाच्या दुकानातल्या उरलेल्या कापडाची लांब पट्ट्याची पिशवी शिवली, चालत्या सायकलवरून तुला एका हाताने ओढून गळ्यात घालता यावी म्हणून. पट्टा तुटला, तेव्हा दुहेरी शिवण घातली. ती पिशवी कुठे आहे हे विचारणार नव्हते, पण विचारतेच. तिच्या खांद्याला तर दिसली नाही. परवा एका गिऱ्हाइकाचा कोट दुरुस्त करताना डोक्यात हेच चालू होतं, आणि मी चांगला होता तोच खांदा उसवून ठेवला. मालकांनी चष्म्यावरून बघितलं आणि सुईदोरा माझ्यापुढे सरकवला.

गुडघा बरा आहे. "ताई, तुझा गुडघा दुखतो, आता तू आराम कर," असं तू म्हणालास, तेव्हा मला तुझं कौतुक वाटलं होतं. मागाहून लक्षात आलं, गुडघा माझा, सोय तुझी. बाटली हातात द्यायला धावायचं ते किती? चार पावलं. तेवढी मी लंगडत धावले असते. आई गेल्यापासून तुला भरवण्यात माझी उमर गेली, आणि घरी बसवताना साधा निरोप समारंभसुद्धा नाही!

व्हिडिओ आला त्याच संध्याकाळी तिचा फोन आला. शेवटच्या टप्प्यात तुझ्या पोटऱ्यांत गोळे आले, ओकाऱ्या झाल्या, तुला उचलून गाडीत घालावं लागलं, हे तू मला कळवलं नव्हतंस. तिने सांगितलं. रडत होती बिचारी. "बाटल्या तर सगळ्या रिकाम्या परत येतात हो ताई, मग माझं चुकतंय कुठे?" एवढंच पुन्हा पुन्हा. लाज सोडून लिहिते, ते ऐकून मला बरं वाटलं. क्षणभरच, पण वाटलं.

मग मी व्हिडिओ परत लावला. या वेळी तिच्याकडे नाही, तुझ्याकडे बघितलं. तुझा डावा बूट ओला होता. लहानपणी दुधाचा पेला खिडकीतून ओतून रिकामा दाखवायचास, तीच खोड. दमलास की तुला गिळवत नाही, आणि बोलणी नकोत म्हणून वळणाच्या अलीकडे डाव्या हाताने बाटली रस्त्यावर उलटी करतोस. शिंतोडे बुटावर उडतात. म्हणून मी कधी बाटली बघतच नव्हते. बूट बघायचे, आणि ओला दिसला की तुला खाली उतरवून माझ्यासमोर घोट घोट प्यायला लावायचे. तिला येत नाही आणि मला येतं असं हे एवढं एकच उरलंय. ते देऊन टाकायचं अगदी जिवावर आलंय.

पण रविवारी तुझी मोठी फेरी आहे, ऊन मी म्हणतंय, आणि तुला सांगून उपयोग नाही, तू बुटावर प्लास्टिक चढवशील. सोनारानेच कान टोचलेले बरे. म्हणून पाकिटावर तुझं नाही, तिचं नाव घातलंय. खरं तर तिलाच लिहायला बसले होते. "प्रिय" लिहिलं आणि पुढे हात चालेना, तेव्हा तुझ्या नावाने लिहिलं, आणि खाडाखोड केली नाही. अगं, वाचते आहेस ना? मग मी कशी आहे तेही तुला कळलंच. तुझं काही चुकत नाहीये. रविवारी त्याच्या डाव्या बुटाकडे बघ, ओला असला तर सरळ उतरव त्याला, कितीही ओरडू दे. बटाटे दे, मीठ जरा जास्त लाव. पिशवी सापडली नाही तर खांद्याचं माप कळव, तुझ्या मापाची नवी शिवते.

तुझीच,
ताई