शिंगाचा मान

११ जून, रविवार
यंदाचा शो ज्यू संगीताचा ठरला. लग्नातली नाचाची गाणी, मधे एक संथ प्रार्थना आणि शेवटी शोफार, म्हणजे सिनेगॉगमधलं आपलं मेंढ्याचं शिंग. वीस सेकंद, एकट्याने. बिगुल-ढोलांच्या या पथकात मी एकतीस वर्षं पहिल्या रांगेत डावीकडे उभा आहे. एकदाही सोलो मिळालेला नाही. ज्यू दोनच, मी आणि यंदाच आलेला हर्शेल ताबाक. तो औषधाच्या दुकानात गोळ्या मोजतो. म्हणजे झालंच. आमच्या डायरेक्टर कोलीनने नाव जाहीर करायचं तेवढं बाकी.

१८ जून
हर्शेल.
कोलीन म्हणाली, अर्विन, तू राखीव. त्याच्याकडे आजोबांचं शिंग आहे म्हणे. वीतभर! मी अभिनंदन केलं. हात जरा जोरात दाबला गेला.

२ जुलै
माझं शिंग आलं. आफ्रिकन हरणाचं, पिळाचं, साडेतीन फूट. येमेनचे ज्यू असंच वाजवतात. तळघरात फुंकलं. आवाज भारदस्त, पण निघायला वेळ घेतो. रोडा वरून ओरडली, ड्रायर जळतोय का बघ. बायकोला संगीतातलं कळत नाही.

३ जुलै
सरावाला शिंग नेलं. कोलीन म्हणाली, फार सुंदर आहे, बसमध्ये ठेव. हर्शेलने मात्र हातात घेऊन नीट पाहिलं, कौतुक केलं. आगाऊ आहे.

२३ जुलै
स्पर्धेत सातवा नंबर. आमचा ठरलेला. शिंगाला मात्र लोक उभे राहिले. रोडाही. वर तिने हर्शेलसाठी कुगेल, म्हणजे आपला नूडल्सचा गोड केक, करून आणला होता, मनुका घालून. मनुका मला आवडतात हे तिला छत्तीस वर्षं माहीत आहे. मला कोपऱ्याचा तुकडा मिळाला.
मी जळत नाही. फक्त नोंद ठेवतो.

२१ ऑगस्ट
एलुल महिना लागला. आता नवं वर्ष येईपर्यंत सिनेगॉगमध्ये रोज सकाळी शोफार. तिथेही हर्शेलच! आमचे धर्मगुरू राब्बाय म्हणाले, त्याच्या फुंकण्यात रडणं आहे. माझ्यातही आहे, पण विचारतो कोण.

२६ ऑगस्ट, शनिवार
आज शोफार नव्हता. शनिवारी, म्हणजे शब्बाथच्या पवित्र दिवशी, शिंग वाजवत नाहीत, हे काय मला ठाऊक नाही? पण डोक्यात उजेड आत्ता पडला. आतापर्यंत आमचे सगळे शो रविवारी झाले. फायनल येत्या शनिवारी आहे!
बाहेर पडताना हर्शेलला सहज विचारलं. तो म्हणाला, शनिवारी मी गाडी चालवतो, बिगुलही वाजवतो, पण शिंग नाही. वडिलांना शब्द दिलाय. आकाशात तीन तारे दिसले की शब्बाथ संपतो, मग वाजवीन. नाहीतर अर्विन, तू आहेसच.
मी आहेच.

२७ ऑगस्ट
हिशोब केला. फायनलला दहा पथकं, सहापासून दर वीस मिनिटांनी एक. शुक्रवारच्या फेरीत शेवटचा आलेला आधी, पहिला आलेला शेवटी. तारे सव्वाआठला. म्हणजे तिसऱ्या नंबरच्या आत आलो तरच अंधार. आम्ही? सातवे! लख्ख ऊन, मी आणि साडेतीन फूट. भावाला फ्लोरिडाहून बोलावून घेतलं.

३० ऑगस्ट
पथक सुधारलंय. सगळे अचानक जीव तोडून वाजवताहेत. कोलीन म्हणाली, यंदा पहिल्या तिनात येऊ. हा काय वेडेपणा.

१ सप्टेंबर, शुक्रवार
संध्याकाळी ४. मनाविरुद्ध एक गोष्ट केली. आजच्या फेरीत फुंकलोच नाही. ओठ लावले, बोटं चालवली, गाल फुगवले. पहिल्या रांगेचा कणा मी आहे. मी नाही म्हटल्यावर आठवे, फार तर सातवे. पथकाचं वाईट व्हावं म्हणून नव्हे. मोठ्या शिंगाला न्याय मिळावा म्हणून.

संध्याकाळी ६. तिसरे.
बिगुलांचे मार्क आजवरचे सर्वांत जास्त. परीक्षकाने टेपवरच्या शेऱ्यात म्हटलंय, डावीकडचा कर्कशपणा अखेर गेला, सूर जुळले. कोलीनने माझा खांदा दाबला. अर्विन, आज जे काय केलंस ना, उद्याही तेच कर.

३ सप्टेंबर, रविवार, सकाळ
काल आठ वाजून गेल्यावर सगळं पथक बसमागे अंधारात माना वर करून उभं. दोन तारे दिसले. तिसरा मला आधी दिसला. मी म्हणालो, ते विमान आहे. पाच मिनिटं तिथेच होतं. कोलीन म्हणाली, अर्विन, विमान पार्क करतात का रे?
हर्शेल माझ्याकडे बघून म्हणाला, तू म्हणशील तर थांबतो. तुझा शब्द शेवटचा.
लेकाचा खरंच थांबला असता. मी म्हणालो, ताराच आहे. वाजव.
शोभर मी शुक्रवारसारखीच नुसती बोटं चालवली, गाल फुगवले. शेवटी वाजवलं त्याने. तीन हातांवर मी उभा होतो. राब्बाय म्हणाले ते रडणं ऐकू आलं. पोटात दुखलं, पण चांगलं वाजवतो.
तिसरेच राहिलो. माझं शिंग बसमध्येच होतं.
रोडा डोळे पुसत आली. म्हणाली, इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या गर्दीत तुझा बिगुल वेगळा ओळखू आला. काय गोड वाजवलंस रे. भावानेही मान डोलावली.
रात्रभर विचार केला. येऊ शकतो ओळखू.