वडिलांचं अनेकवचन

४ जून १९७९, सोमवार
संध्याकाळी विहारात इंग्रजीचा (इं.) वर्ग. अकरा मुलं. शकू आली नाही. परवा नर्सिंगच्या मुलाखतीला जाऊन आली, तेव्हापासून घराबाहेर नाही. तिचे वडील रामभाऊ नळावर भेटले. म्हणाले, "तात्या, पोरगी जेवत नाय. तुम्हीच विचारा, माझ्याशी बोलंना." वर्गात सगळ्यांत हुशार तीच. उद्या जाईन.

५ जून
गेलो. शकू खाली बघून बोलली. तिथल्या बाईंनी इंग्रजीत विचारलं, वडील काय करतात? तिने सांगितलं, "माय फादर, दे वर्क इन अ फॅक्टरी. आय गिव्ह देम टिफिन." बाई म्हणाल्या, "किती वडील आहेत गं तुला?" टेबलापलीकडचे सगळे हसले. हे कोणी शिकवलं, असंही विचारलं.
"तात्या, मी तुमचं नाव नाही सांगितलं."
चपला त्यांच्याच दारात विसरून घरी आलो.
शिकवलं मीच. वडील आदराचे, मराठीत 'ते', मग इंग्रजीतही 'दे'. 'त्यांना'ला 'देम'. नऊ वर्षं फळ्यावर हेच.

६ जून
गंगापूर रोडला हायस्कुलातल्या एक बाई राहतात. पोस्टमन होतो तेव्हा त्यांचं टपाल मीच देत असे. चहा दिला. म्हणाल्या, "काका, माणूस एक असला की 'ही', त्याला काही दिलं-घेतलं की 'हिम'. राष्ट्रपती असोत नाहीतर हमाल."
विचारलं, मग मान कुठे ठेवतात? म्हणाल्या, "त्या शब्दात नाही ठेवत, काका."

माझ्या बापाला गावात कोणी 'ते' म्हटलं नाही. दहा वर्षांची पोरंही अरे-तुरे करायची. पाकिटांवरचे पत्ते वाचून वाचून इं. शिकलो, पुढे पुस्तकात 'दे' सापडला अन् वाटलं, या भाषेत तरी...
पुस्तकात वेगळं दिसत होतं. दिसत होतं, खोटं कशाला लिहू. छापणाऱ्यांना बापाची किंमत नाही, असं म्हणून पान उलटलं. हौस माझी, हसं पोरीचं.

८ जून
सांगायचं ठरवून वर्गात गेलो. खडू घेतला, आणि महिन्यांची नावं लिहून दिली. शकू आली होती, मागे बसली. वहीतून मान वर केली नाही.
घरी सौ.ला सांगितलं. भाकरी थापता थापता म्हणाली, "कालवण खारट झालं तर मी ताटावरच सांगते ना? का तुम्ही गपचूप पाणी पीत बसायचं?"

९ जून
सांगितलं. नऊ वर्षं चुकीचं शिकवलं म्हणून. पुढे बसणारी एक छोटी पोरगी म्हणाली, "तात्या, मग बाबांना अरे-तुरे करायचं?" सगळे हसले. मीही. मग फळ्यावर 'माय फादर, ही' लिहिलं.
शिकून गेलेली पोरं, सिन्नरला, मुंबईला, कुठे कुठे. ती अजून तसंच बोलत असतील. त्यांना कोण सांगणार.

११ जून
नर्सिंगवाल्यांना इं. पत्र लिहिलं. चूक शिकवणाऱ्याची, मुलीची नाही, पुन्हा बोलवावं. हायस्कुलातल्या बाईंनी तपासून दिलं. शकूला वाचायला दिलं.
"हे वाचून ते तुम्हाला हसतील, तात्या."
"हसू देत."
पाकीट घेऊन उठली. "मीच टाकते पेटीत."

१८ जून
रामभाऊ रोज विचारतात, उत्तर आलं का. आठवडा म्हणजे फार नाही, असं मी सांगतो. पण शकू डोळ्याला डोळा भिडवत नाही. पाकीट टाकलं तिने, की मला कोणी हसू नये म्हणून वहीत ठेवून दिलं? विचारायला म्हणून त्यांच्या दारापर्यंत गेलो, परत फिरलो.
ठेवून घेतलं असेल तर पोरीचं वर्ष जाईल. आणि मला, लिहायलाही लाज वाटते, थोडं बरं वाटेल.