जिन्याखालचा लसूण

जाऊबाई,

मी बाड्यावर बाजाराला चाललेय, भजनाआधी परत येईन. जिन्याखाली टांगलेला लसूण पुन्हा उन्हात टाकू नका. सावलीत सुकला तरच टिकतो.

हे गेल्यापासून तुम्ही माझी भाजी बिनलसणाची, वेगळी काढता. विधवेनं खाऊ नये म्हणे. इतके दिवस मी गप्प बसून ती खाल्ली. पण हा लसूण ह्यांनी स्वतःच्या हातानं गच्चीवरच्या गमल्यांत लावला होता. उपटायला मी एकटीच उरले. मग तो खायचा कोणी?

आज त्याचीच चटणी वाटली आणि भाकरीबरोबर पोटभर खाल्ली. तुमची वाटी झाकून ठेवलीय. भजनाच्या बायकांना माझ्या तोंडाचा वास येईल. येऊ दे. तोंडावर पदर मी धरणार नाही.

सीमंतिनी