देव जमिनीला टेकले नाहीत

॥ बिरोबाच्या नावानं चांगभलं ॥

हसनाबाद, ता. भोकरदन
मंगळवार, दि. ११ मार्च १९९७, सकाळी ९ वाजून ५ मिनिटे

तीर्थरूप रखमाजीकाका, मुक्काम धावडा, यांच्या पायांवर पुतण्या रायभानचे डोके. इकडे लहानथोर सगळे धडधाकट आहोत. तुमचा उजवा गुडघा (मागच्या पत्रात तुम्ही डावा लिहिला होता, पण तुम्हाला लंगडताना मी समक्ष पाहिले आहे) आता कसा आहे ते कळवावे. काकूंच्या डोळ्यातल्या थेंबांची बाटली उघडल्यावर महिन्याने फेकायची असते, तसे बाटलीवर बारीक अक्षरात छापलेले आहे, ते त्यांना सांगावे. तांबडी मेंढी व्याली का?

पत्र लिहिण्यास कारण की, मी जिंकलो.

तुम्हाला आठवत असेलच, तरी नोंद असावी म्हणून लिहितो. मागच्या महिन्यात तुमच्या ओसरीवर पाच माणसांसमोर मी म्हणालो होतो की, यंदा घरचे देव गोदागंगेवर न्हाऊ घालायला शहागडला नेतोच आहोत, तर परत येताना पैठण, औरंगाबाद, दौलताबाद करत येऊ, घरच्या बायामाणसांनी काही बघितलेले नाही. तेव्हा तुम्ही तंबाखू थुंकून म्हणालात, "रायभान, देव न्हायला चालले, किल्ले बघायला न्हाई. न्हाले की अंबड-जालना करून सरळ घरी. न्हालेले देव देवघरात बसंपर्यंत जमिनीला टेकू देत न्हाईत, हे तुला कोन्त्या पुस्तकात घावायचं न्हाई. टेकले, तर मंग यंदापासून देव धावड्याला." बावीस वर्षे देव माझ्या घरी आहेत. माझ्या आईने मरताना ते माझ्या हातात दिले. त्यामुळे ते वाक्य मला फार लागले, आणि मी म्हणालो, "टेकले तर स्वतः डोक्यावर आणून देतो." भिवा साक्षीला आहे.

मी शाळा चौथीपर्यंत शिकलो हे गावाला माहीत आहे, पण पाण्याच्या मोटारी उघडून-जोडून, कुणालाही न विचारता, त्यांचे वायंडिंग शिकलो हेही माहीत आहे. तसेच मी या सहलीचे केले. चार रात्री बसून, एस.टी.च्या वेळापत्रकासारखे रकाने पाडून, देवांची टोपली कोणत्या मिनिटाला कुणाच्या हातात राहील याचा तक्ता केला. अंघोळ केलेले पाच पुरुष, प्रत्येकाची वीस मिनिटांची पाळी. हस्तांतर उभ्याने, आधी घेणाऱ्याने दोन्ही हात लावायचे, त्याने "घेतली" म्हटल्यावरच देणाऱ्याने सोडायची. घरी दोन दिवस दाण्यांनी भरलेली टोपली घेऊन तालीम घेतली. (तुमच्या सुनेने, म्हणजे कांताने, तालमीच्या वेळी हसून माझा अपमान केला, तो मी माफ केला आहे.) तक्त्यात शेवटचे नाव सखूआत्यांचे होते. वय बहात्तर, म्हणून त्यांना चढ-उतार न देता दिवसभर जीपमध्ये बसून भाकरीच्या टोपलीची राखण, असे हलके काम दिले. तुमच्या थोरल्या बहिणीची मी अशी काळजी घेतली, हे ध्यानात ठेवावे.

शनिवारी पहाटे शहागडला देव न्हाले. ताक लावून, चिंचेने घासल्यावर देवांचे टाक असे चकचकीत निघाले की बिरोबाच्या मिशीचा केस न् केस दिसत होता. टोपलीत खाली नवे फडके, त्यावर देव, भंडारा, घंटी, आणि वरून पिवळे फडके गच्च बांधले. कांताने त्याच ताग्यातल्या दुसऱ्या तुकड्यात भाकरी बांधल्या. (काटकसर म्हणून. हा मुद्दा पुढे येईल.) सहा वाजून बारा मिनिटांनी काळीपिवळी जीप हलली. माणसे सतरा, मांडीवरची दोन अर्धी धरली तर सोळा. ड्रायव्हर वेगळा.

पैठणला धरणाचे पाणी बघितले. बायका हरखल्या, पण तक्त्यात तिथे अकराच मिनिटे होती. औरंगाबादला पाणचक्की बघितली. पाणी स्वतः दळते, माणूस लागत नाही, हे मी सगळ्यांना समजावून सांगितले, तेव्हा आणखी दोन परकी कुटुंबेही ऐकायला थांबली. तिथे एक बाई टोपलीच्या पाया पडली. तिचे बघून शाळेची सहल पाया पडली, रांगेने, बहुधा साठ मुले, आणि त्यांचे गुरुजी. मी सगळ्यांना माझ्या कमरेच्या पिशवीतला भंडारा लावला. काका, त्या क्षणी मला तुमची फार आठवण आली.

दौलताबादला चढताना मात्र एक चमत्कार घडला. भिवा (दोन पोती ज्वारी पाठीवर नेणारा माणूस) अर्ध्या चढावर थांबला आणि म्हणाला, "दादा, देव जड होऊन राह्यले." पुढच्या पाळीला मी स्वतः घेतली. खरोखर जड! आपल्या आजोबांच्या काळात देव प्रसन्न झाला की पालखी जड व्हायची, असे तुम्हीच सांगत होता. मी सगळ्यांना तिथेच हात जोडायला लावले. कांता म्हणाली, "देवाला लसणाचा वास कसा काय येऊन राह्यला?" मी तिला गप्प केले. श्रद्धेच्या जागी बायकांनी नाक खुपसू नये. किल्ल्याच्या अंधारी भुयारात वटवाघळे उडाली, बॅटरी विझली, तरी मिट्ट काळोखात आम्ही दोन हस्तांतरे बिनचूक केली. तिथली मेंढ्याच्या तोंडाची तोफ बघून तर भिवाच्या डोळ्यांत पाणी आले. "आपला हाय हा!" म्हणून त्याने मेंढ्याच्या कपाळाला भंडारा लावला. राखणदाराने हटकले, पण टोपली बघून तोही चपला काढून पाया पडला.

दोन वाजून पंचवीस मिनिटांनी खाली उतरलो. सगळ्यांच्या पोटात कावळे. जीपच्या सावलीत घोंगडी अंथरली, टोपली भिवाच्या डोक्यावर तशीच, आणि मी म्हणालो, "आत्या, सोडा भाकरी." सखूआत्यांनी मांडीवरच्या टोपलीची गाठ सोडली आणि आत डोकावल्या. मग म्हणाल्या, "रायभान, ह्ये कोन बघून राह्यलं माझ्याकडं?"

आत बिरोबा.

काका, त्या क्षणाला माझे काळीज मोटारीच्या जळलेल्या कॉइलसारखे झाले, हे मी लपवत नाही. सगळी माणसे आधी आत्यांकडे आणि मग भिवाच्या डोक्याकडे बघू लागली. चौपन्न भाकरी, पिठले आणि ठेचा आम्ही पाळीपाळीने दौलताबादच्या माथ्यापर्यंत नेऊन आणला होता. पण मी डोके शांत ठेवले. प्रश्न एकच होता: देव जमिनीला टेकले का? मी तिथेच आत्यांची जबानी घेतली.

"आत्या, टोपली खाली ठेवल्ती का?"

"मी कशाला ठीवू? तुझी पोरं येक घडी भाकरी ठिवतील व्हय?"

"पायाशी? बाकड्यावर?"

"मांडीवरून हालवली न्हाई. हलकी लागली मला, मंग म्हनलं निम्म्या तर आधीच खाल्ल्या मेल्यांनी. म्हनून पदराची गाठ मारून बसले."

"आतून वाजलं न्हाई काही?"

"वाजलं की. ताटल्या वाटल्या."

आत्या मधल्या काळात जीपमधून उतरल्या का, हे तुम्ही विचारणारच. एकदा उतरल्या, पाणचक्कीला, बायकांना उतरावे लागते त्या कामासाठी. तेव्हाही पोरांच्या भीतीने टोपली डोक्यावर होती. तपशील लिहीत नाही. म्हणजे सकाळी सहा बाराला जीप हलल्यापासून देव आपल्या घरातल्या सगळ्यात वडील माणसाच्या मांडीवर, पदराला बांधलेले, एकदाही हस्तांतर न होता राहिले. पाच पुरुषांना जे तक्ता करून जमले नसते, ते माझ्या तक्त्यामुळेच जमले, कारण आत्यांना टोपलीजवळ बसवले कुणी? मीच.

भाकरींचा मात्र पेच पडला. साठ मुले आणि एक गुरुजी ज्याच्या पाया पडले, ते आता नुसते जेवण राहिले नव्हते. शेवटी सगळ्यांनी उठून, टोप्या सारख्या करून, दोन्ही हातांनी भाकर घेतली आणि कपाळाला लावून खाल्ली. भिवाने ठेचासुद्धा कपाळाला लावला, तो डोळ्यात गेला.

संध्याकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी, तक्त्यापेक्षा पाच मिनिटे आधी, हसनाबाद गाठले. देव जमिनीला टेकले नाहीत. तरी काका, पाच माणसांसमोर बोललात तसे पाच माणसांसमोर "देव हसनाबादलाच" असे म्हणावे, आणि तसे दोन ओळी लिहून पाठवावे, ही विनंती.

पाय धरतो.

आपला आज्ञेतला पुतण्या,
रायभान

ता. क. (१) देव जमिनीला टेकले नाहीत, हे वर लिहिलेच आहे. ते अजूनही टेकलेले नाहीत. म्हणजे स्पष्ट सांगायचे तर देवघरातही बसलेले नाहीत. सखूआत्या शनिवारपासून टोपली मांडीवर घेऊन ओसरीतल्या बाजेवर बसल्या आहेत. आज चौथा दिवस. जेवताना डाव्या काखेत, झोपताना पोटाशी. मी मागायला गेलो तर म्हणाल्या, "आता आठवन आली व्हय?"

ता. क. (२) त्यांचे म्हणणे असे: "तुमी धरन पाह्यलं, चक्की पाह्यली, मेंढ्याची तोफ पाह्यली. म्या जीपचं टप पाह्यलं. मला किल्ला दाखवा, मंग देव बसवते." मी चार दिवस विचार केला, पण यात चूक काढता आली नाही. म्हणून येत्या शनिवारी पुन्हा निघत आहोत. भिवा त्यांना पाठीवर घेऊन चढणार आहे. देव त्या नजरेआड करत नाहीत, तेव्हा देवही येणार. मात्र चढताना टोपली सोडायला त्या एकाच माणसाकडे तयार आहेत. त्यांचे शब्द: "रखमा धरील." तरी तुम्ही शुक्रवारी संध्याकाळच्या एस.टी.ने न चुकता यावे. नवा तक्ता सोबत जोडला आहे. तुमचे नाव सगळ्यात खाली आहे: जीपमध्ये बसून, देव मांडीवर, सकाळी साडेदहा ते दुपारी अडीच, एकच पाळी. गुडघ्यामुळे तुम्हाला किल्ला चढायचा नाहीच.

ता. क. (३) आत्यांनी सांगितले ते शब्द न बदलता लिहीत आहे: "रखमा, भाकरी तू आन. फडकं हिरवं बांध."